भावनांचा फळा

सातवी 'ब'ला अपूर्णांक शिकवणाऱ्या बाईला भावना शिकवणं काय जड! प्रिन्सिपल मॅडमनी आठवड्याला एक 'भावनांचा तास' घ्यायचं फर्मान काढलं, तेव्हा अख्ख्या स्टाफरूमला ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हटलं, "द्या मला! दिवाळीपर्यंत एकेकाचा राग शून्यावर आणून दाखवते!"

पद्धत सोपी होती. फळ्यावर सगळ्यांची नावं. प्रत्येकाने आपल्या नावापुढे कागदी चेहरा चिकटवायचा. खूश असेल तर पिवळा, चिडला असेल तर लाल, उदास असेल तर निळा. पोरांनी धडाधड पिवळे लावले. ऋषीने लाल लावला, कारण त्याचा डबा कोणीतरी परस्पर संपवला होता. सोनमने मात्र बराच वेळ हातात धरून शेवटी निळा लावला.

मी तिला बाजूला घेतलं. "काय झालं गं?"

"आई-बाबा बोलत नाहीत एकमेकांशी. गणपतीपासून. सगळं मला सांगायला लावतात. 'बाबांना सांग, गॅस संपलाय.' 'आईला सांग, मी जेवून आलोय.' कंटाळा आला, टीचर." तिने वळून वर्गाकडे बघितलं. "कोणाला सांगू नका हं."

"इथलं इथेच राहील!" मी छातीठोकपणे म्हटलं.

राहिलंही असतं. पण आमच्याकडे नुसतं शिकवून भागत नाही, शिकवल्याचा फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकावा लागतो. इतक्या वर्षांची सवय. बोट डोक्याला न विचारता चाललं. फळ्याचा फोटो, खाली 'आनंददायी शिक्षण', वर दोन फुलं. गेला! लगेच पालकांचे मेसेज धडकू लागले.

"आमचा ऋषी लाल का? कोणी मारलं त्याला?"

"सईचा पिवळा वाकडा लागलाय. काही टेन्शन आहे का टीचर?"

"सोनमला काय झालं हो?"

"बरं नाही वाटतं."

"अ‍ॅडमिट आहे का?"

"कोपरखैरण्यात रक्त लागलं तर माझ्या भाच्याला फोन करा!"

दुपारी सोनमचे आई-बाबा शाळेत थडकले. राजश्रीताई वाशीच्या ऑफिसातून, अभयराव उरणच्या कंटेनर यार्डातून. लेक धडधाकट आहे हे बघून दोघांचा जीव भांड्यात पडला. मग मध्ये एक खुर्ची मोकळी सोडून दोघं माझ्यासमोर बसले.

"टीचर, यांना विचारा, पोरगी उदास असते ते यांना दिसत नाही का?"

मी वळले. "अभयराव, त्या विचारतायत की..."

"तिला सांगा टीचर, दिसायला मी घरी तर पायजे! डबल शिफ्ट काय हौस म्हणून करतो?"

"राजश्रीताई, ते म्हणतायत..."

"यांना सांगा, डबल शिफ्ट घ्यायच्या आधी घरी विचारतात माणसं!"

माझी मान टेबलफॅनसारखी इकडून तिकडे फिरत होती. एखादा शब्द गाळून, जरा गोड करून सांगावं, तर "मी असं नाही म्हणाले!" म्हणून ओरडा मलाच. आणि एकदम लक्षात आलं, सोनम घरी रोज हेच करते. बारा वर्षांची पोर! मला रडूच फुटायचं बाकी राहिलं.

"पुरे!" राग शून्यावर आणणारी मी, टेबलावर हात आपटून ओरडले. "मी नाही कोणाला काही सांगणार! तुमचं तुम्ही बोला!" बाहेर आले आणि दार ओढून घेतलं.

बाहेर सोनम दप्तर पोटाशी धरून उभी होती.

"तुम्ही म्हणाला होतात, इथेच राहील."

"चुकलं गं माझं," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

आत राजश्रीताईंचा आवाज चढला. मग अभयरावांचा.

"तू एकदा तरी विचारलंस, मी का थकतो?"

"तू विचारू दिलंस?"

शेजारच्या वर्गातलं पाढे म्हणणं बंद पडलं. शिपाई धावत आला. माझ्या एका तासापायी या पोरीचं घर मोडतंय! मी घाबरून दाराच्या कडीला हात घातला.

सोनमने माझं मनगट घट्ट धरलं. तिचे डोळे भरले होते, आणि ती हसत होती.

"उघडू नका, टीचर," ती कुजबुजली. "दोघं एकमेकांशी बोलतायत!"