श्वास कुठे घेतलास?

आमचे अप्पा लाउडस्पीकरशी भांडतात. लावणाऱ्याशी नाही, थेट त्या भोंग्याशी. देवासच्या आमच्या कॉलनीत कुणाकडेही गाणं वाजलं, की ते काठी घेऊन फाटकाशी येतात आणि न दिसणाऱ्या गायकाला विचारतात, "श्वास कुठे घेतलास? माणूस आहेस की मोटारपंप?"

अप्पा म्हणजे आमचे शेजारी, शाळेत भूगोल शिकवून रिटायर झालेले. गाण्याचं शिक्षण शून्य. माझंही तेवढंच. माझा आवाज असा, की आरतीत घरच्यांनी माझ्या हाती झांज दिलीय, तोंड बंद राहावं म्हणून. पण मी मतं देत फिरत नाही. अप्पा देतात. एकदा इंदूरच्या बसमध्ये ड्रायव्हरनं गाणं लावलं, तर हे उठून उभे.

"भिया, ये आदमी दम नहीं लेता. बंद करो, मेरेको घबराहट होती है!"

"बाबूजी, आपको उतार दूँ?"

उतरले! भर उन्हात, क्षिप्रेच्या पुलाअलीकडे. आणि सोबतीला म्हणून मीही.

हे श्वासाचं खूळ आलं काकूंकडून. काकू म्हणजे अप्पांची बायको. नवरात्रात देवासच्या देवीच्या टेकडीवर गर्दी लोटते, तेव्हा आमची मराठी घरं संध्याकाळी कॉलनीच्या मंडपात देवीची आरती म्हणतात. ती उचलायच्या काकू. आवाज काही फार गोड नव्हता. धुऊन वाळलेल्या सुती साडीसारखा, स्वच्छ नि जरासा खरखरीत. पण तो लागला की स्वयंपाक टाकून बायका बाहेर यायच्या. काकूंना दमा होता. तिसऱ्या कडव्यात, ओळीच्या अगदी मधोमध, त्यांचा श्वास संपायचा. मग टाळ्या, झांजा, सगळी कॉलनी थांबायची. त्या शांततेत एकटे अप्पा पुटपुटायचे, "सावकाश. घाई कुणाला आहे?" काकू श्वास भरून घ्यायच्या आणि ओळ पुढे निघायची.

इतकी वर्षं हे चाललं, की आरती अशीच असते असं आम्हाला वाटू लागलं. माझा पुण्याचा मेहुणा आला की त्या ओळीत हमखास एकटाच पुढे जायचा आणि ओशाळून गप्प व्हायचा. "तुमच्याकडे चुकीचं म्हणतात," असं तो एकदा बोलून बसला.

"चुकीचं?" अप्पा कडाडले. "पुण्यात कुणी कुणासाठी थांबत नाही, तो तुमचा दोष!"

या उन्हाळ्यात काकू गेल्या. आरती कोण उचलणार? मंडळाच्या गोलूभियानं तोड काढली: रेकॉर्ड केलेली आरती, मोठ्या स्पीकरवर.

"अप्पा, पोरं हिंदी शाळेतली. मराठी पढ़ते नहीं आती. रेकॉर्डसोबत साथ-साथ म्हणतील ना."

"देवीपुढे डबा गाणार?" अप्पा लालबुंद. "आणि तुम्ही ताली पीटोगे? गोल्या, तू शाळेत नर्मदा बंगालच्या उपसागराला पोचवली होतीस, तुला काय अक्कल!"

मी समजूत घालायला गेलो. "अप्पा, रेकॉर्डमधल्या त्या बाईंचा आवाज मात्र छान आहे हो."

"छान आहे म्हणूनच संताप येतो! अख्खी आरती, आणि बया एकदाही अडत नाही." मग काठी आपटत म्हणाले, "नऊ दिवस हे वाजलं, की पोरं न थांबता म्हणायला शिकतील. मग संपलंच."

घट बसले. संध्याकाळी स्पीकर सुरू झाला. अप्पा आले, पण मंडपाकडे पाठ करून खुर्चीत बसले. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. तिसऱ्यात, ओळीच्या मधोमध, अख्खी कॉलनी थांबली. कुणी ठरवलं नव्हतं. गोलूभियाची ती हिंदी शाळेतली पोरंसुद्धा तोंडं उघडी ठेवून थांबली. माझी झांज हवेत. रेकॉर्डमधली बाई तेवढी एकटीच पुढे निघून गेली, माझ्या मेहुण्यासारखी. गोलूभियानं घाईघाईनं स्पीकर बंद केला.

अप्पांनी खुर्ची हळूच देवीकडे वळवली. काठी खाली ठेवली. आणि कुणाकडेही न बघता म्हणाले,

"सावकाश. घाई कुणाला आहे?"

आम्ही थांबलो. नेहमीपेक्षा जरा जास्तच.