बाळाप्पा रंग राखतात

बाळाप्पा कुणाच्याही दाराला फुकट रंग लावून द्यायचे. अट एकच होती, रंग वाळेपर्यंत ते त्या घरात बसून राहणार. "रंगाला राखण लागतीया," म्हणायचे. "कोंबडी येतीया, पोर येतंय, माशी बसतीया." आणि खरंच पाट टाकून दारात बसायचे. चहा आला की चहा, जेवण आलं की जेवण.

टपालखात्यातनं पेन्शनीत निघालेला माणूस. बायको वारलेली, एकुलती एक मुलगी नंदगडला दिलेली. बेळगावात आमच्या शहापूरच्या गल्लीत त्यांचा हात लागला नाही असं दार सापडायचं नाही. ज्ञान होतं, ते मी नाकारत नाही. पावसाळ्यात दार फुगून अडकलं की लोक रंधा मारायला धावायचे आणि बाळाप्पा आडवे यायचे. "तासू नका. लाकूड पाणी प्यालंय, दुसरं काय न्हाय. आता तासलंसा तर उन्हाळ्यात फटीतनं मांजर आत येतंय. कडंला मेणबत्ती घासा आणि गप बसा." रंगाला फोड आलेले दिसले की बोटानं दाबून बघायचे. "आत ओल हाय. खरवडा, ऊन दाखवा, मग बघू." सगळं बरोबर असायचं. फक्त त्यांचा स्वतःचा रंग कधी वेळेवर वाळला नाही, आणि त्याचं खापर ते बेळगावच्या हवेवर फोडायचे.

माझी बहीण सुमी. तिला बघायला निपाणीची मंडळी गुरुवारी येणार होती. आधीची दोन स्थळं परत गेलेली, त्यामुळं आईला झोप नव्हती. त्यात पुढच्या दाराचे पोपडे निघालेले. लढाईचे दिवस, रंग मिळणं मुश्कील. मी खडे बाजारात ओळख काढून हिरव्या रंगाचा डबा आणला. तेल मात्र बाळाप्पांनी स्वतःचं घातलं.

आठवडाभर आधी रंग लागला. बुधवारी बोट लावलं तर बोट हिरवं. माझं डोकं फिरलं.

"बाळाप्पा, उद्या पाव्हणे येणार. वाळणार का न्हाय?"

"रंगाला घाई चालत न्हाय, बाबा," ते म्हणाले आणि आईकडं वळले. "आक्का, आमटी झक्कास झालीया."

गुरुवारी पाव्हणे आले. बाळाप्पा दारात हात पसरून उभे, एकेकाला अंग चोरायला लावून आत घेत होते. सुमी पोहे घेऊन आली. मुलाचे मामा तंबाखूचे व्यापारी, अंगात पांढराशुभ्र कोट. त्यांनी चार प्रश्न विचारले, सुमीनं नीट उत्तरं दिली. मामा खूष झाले आणि खूष होऊन मागं उघड्या दाराला रेलले.

ते उठले तेव्हा पाठ हिरवी. सुमी आत निघून गेली.

मी मामांना परसात नेलं. बाळाप्पा चिंधी आणि रॉकेल घेऊन आले, कोट चोळू लागले. मामांनी वास घेतला.

"हे जवसाचं कच्चं तेल. उकळून घेतलेलं न्हाय. आमच्या वखारीला रंग लागतोय, मला कळतंय. ह्यो महिनाभर वाळत नसतोय. तुमास्नी ठावं न्हवतं?"

"ठावं होतं," बाळाप्पा म्हणाले.

मी त्यांच्या अंगावर धावणार होतो. मामांनी मला हातानं अडवलं. "मग असं का केलंसा?"

"वाळला की घरला जायाला लागतंय." बाळाप्पांचा हात थांबला नव्हता. "तिथं कोण न्हाय. दिवसभर कुणी हाक मारत न्हाय. हिथं माणसं बोलत्यात, दोन घास मिळत्यात. पण ह्यात पोरीची काय चूक न्हाय. माझ्यापायी तिचं मोडू नका."

माझा राग कुठं गेला मला कळलं नाही. मग मामांनी तो डागाळलेला कोट तसाच अंगात घातला.

"आम्ही पोरगी बघायला आलतो, दार न्हवं. पोरगी पसंत हाय." बाळाप्पांकडं न बघता ते पुढं म्हणाले, "लग्नाच्या आधी आमचं घर रंगवायचंय. लई दारं हायत. तुमी चला."

बाळाप्पा चिंधीची घडी घालत राहिले. "निपाणीला ऊन लई," शेवटी म्हणाले. "तिकडं लवकर वाळतंय."

"मग एका वक्ताला एकच दार घ्या," मामा म्हणाले.