पहिले वाका, मंग ठोका

साहेबांच्या बंद दारासमोरही कमरेत वाकणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे आवक-जावक कारकून भोयर. दाराला वाकायचे, आत जाऊन साहेबांना वाकायचे, आणि टपाल ठेवून उलट्या पावली बाहेर येताना पुन्हा एकदा. नवीन साहेब आले तेव्हा तेही पहिले दोन दिवस गोंधळून खुर्चीतून उठत असत. चहावाल्याला, झाडूवालीला, सगळ्यांना तोच मान. कोणी हसलं तर भोयर शांतपणे म्हणायचे, "पहिले वाका, मंग ठोका. आमच्या खेळाचा नियम आहे."

तो खेळ म्हणजे तायक्वांदो. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस नागपुरात हा शब्द कोणाला धड उच्चारता येत नव्हता. भोयर फौजेत स्टोअरकीपर असताना बंगलोरला तो शिकले होते. नोकरी सोडून गावी परतल्यावर महालातल्या एका शाळेच्या पटांगणात संध्याकाळी ते क्लास घेत. पेंटरने पाटीवर 'टायकांडा' लिहिलं होतं. ते वाचून एक गृहस्थ टायरचं पंक्चर काढायला आले होते म्हणतात.

मी रामदासपेठेतल्या त्याच कचेरीत टायपिस्ट होते. सायकलने महालात घरी जायचे. दोन टवाळ पोरं रोज मागे सायकली घालून घाणेरडं बोलत यायची. घरी सांगितलं असतं तर नोकरी बंद झाली असती. शेवटी मीच राजीनामा टाइप केला आणि आवक-जावकच्या टेबलावर ठेवला. भोयरांनी तो वाचला, रजिस्टरमध्ये चढवला नाही. माझ्यासमोर येऊन वाकले.

"काहून, बाई?"

मी सांगितलं. सांगताना रडले.

"हा कागद एक महिना माह्यापाशी राहू द्या," ते म्हणाले. "संध्याकाळी पटांगणावर या."

पटांगणावर सहा पुरुष आणि मी. पहिले पंधरा दिवस त्यांनी मला लाथ शिकवलीच नाही, ओरडायला शिकवलं. हळू बोल, हळू बोल ऐकत वाढलेली मी; माझ्या तोंडून मांजरीसारखा आवाज निघे. भोयर सर म्हणत, गळ्यातून निघाला तर ती तक्रार वाटते, पोटातून निघाला तर हुकूम. सतराव्या दिवशी तो निघाला, आणि शेजारच्या वाड्यातल्या आजोबांनी काठी घेऊन बाहेर येत, कोण मेलं म्हणून विचारलं.

त्याच आठवड्यात ती पोरं गल्लीच्या तोंडाशी आडवी आली. मी सायकल स्टँडवर लावली, त्यांच्यासमोर कमरेत वाकले आणि पोटातून ओरडले. लाथ मारायची वेळच आली नाही. एकजण सायकलवरून पडला, दुसऱ्याची एक चप्पल तिथेच राहिली. दुसऱ्या दिवशी कचेरीत सरांना सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "वाकल्या होत्या नं?" आणि राजीनामा माझ्या हातात दिला. मी तो फाडला. पुढे निवृत्तीपर्यंत नोकरी केली, ती त्या दिवसामुळे.

क्लास वाढला. मुली आल्या, पाटी दुरुस्त झाली. सर आता मलाही इतरांसारखं 'शैला' म्हणू लागले. काही वर्षांनी आम्ही तिघं बंगलोरला परीक्षा देऊन काळा पट्टा घेऊन आलो. दुसऱ्या दिवशी रांग लागली, तर सर आमच्या मागे जाऊन उभे. त्यांचा पट्टा लालच होता, काळ्याच्या एक पायरी खालचा. काळा पुढे, लाल मागे, नियम म्हणजे नियम. मागून हुकूम सोडत ते क्लास घेऊ लागले आणि आम्हाला पुढे उभं राहायची लाज वाटू लागली.

तुम्ही परीक्षा का देत नाही, विचारलं तर एकदा म्हणाले गुडघा दुखतो. पुढच्या वर्षी म्हणाले साहेब सुट्टी देत नाहीत. पण रजेचे अर्ज आणि हुकूम मीच टाइप करत असे. त्यांनी कधी रजेचा अर्जच दिला नव्हता.

म्हणून एका रविवारी मी त्यांच्या घरी गेले. दोन खोल्या, पुढे अंगण. आत खाटेवर त्यांची बायको, काकू होत्या. डावं अंग लुळं पडलं होतं, फौज सोडली त्या वर्षापासूनच. सकाळचं सगळं उरकून सर कचेरीत येत. दिवसा शेजारीण डोकावून जाई. रात्रीला मात्र दुसरं कोणीच नव्हतं. आम्हाला त्यांनी कधी एका शब्दाने सांगितलं नव्हतं.

परीक्षेसाठी चार दिवस लागणार होते. आम्ही तीन मुलींनी रजा टाकून पाळ्या लावल्या. सर तयारच होईनात. शेवटी काकूच म्हणाल्या, "जा न जी आता. ह्या पोरी आहेत."

ते चार दिवस क्लास त्यांच्या अंगणात भरला. काकूंची खाट आम्ही दाराशी आणली. पहिल्या संध्याकाळी मी एक लाथ मारली आणि त्या म्हणाल्या, "तू शैला नं वं? डावी लात चांगली आहे तुझी. पण मारताना डोये मिटते."

मी तर माझं नावही त्यांना सांगितलं नव्हतं. सरही घरी माझ्याशी बोलताना 'पोरी'च म्हणाले होते. काकूंनी एकेकाला बोट दाखवून ओळखलं. हा घाई करणारा, ही पडली की हसणारी. रोज क्लासवरून आले की सर खाटेशी बसून त्यांना सगळा क्लास पुन्हा सांगत. इतकी वर्षं, एक दिवस न चुकता.

पाचव्या दिवशी दुपारी सर काळा पट्टा घेऊन आले. आम्ही अंगणात रांगेत उभे होतो, पुढची जागा मोकळी ठेवून. ते वाकले, पण त्या जागेवर आले नाहीत. सरळ खाटेशी जाऊन बसले आणि बंगलोरचं सांगायला लागले. काकूंनी उजवा हात वर करून त्यांना थांबवलं.

"थांबा," त्या म्हणाल्या. "पहिले ह्या चार दिवसांचं मले सांगू द्या."

सरांनी पट्टा मांडीवर ठेवला आणि ऐकू लागले.