क्रमांक त्र्याऐंशीपर्यंतची शिस्त

"या घरात कुणीतरी जाणूनबुजून गोंधळ माजवून ठेवलाय," अनुप म्हणाला. नाव त्याने कुणाचंच घेतलं नाही. घरात माणसं चार. आई चंद्रप्रभा स्वयंपाकघरात, बहीण सुरुची कॉलेजला निघालेली, आणि चौथा आरोप करणारा स्वतः. उरलेल्या वडिलांनी, दत्तात्रयांनी, पेपरचं पान उलटलं.

विषय कॅसेटींचा होता. हवाई दलातून निवृत्त होऊन दत्तात्रय अमौसी विमानतळावर एका विमान कंपनीच्या कार्गोत लागले, तेव्हा गोमती नगरच्या घरात त्यांच्यामागोमाग सहाशे चाळीस कॅसेटी आल्या. पाच काळ्या ट्रंका, प्रत्येकीवर पोस्टिंगचं गाव. आणि कॅसेटींवर त्यांच्या अक्षरात 'जोरहाट ४, पूर' किंवा 'बिदर ९, सुरुचीला गोवर'. गातंय कोण, याचा पत्ता नाही.

"असं कोण लिहितं, बाबा?"

"ज्याला नंतर शोधायचंय तो."

अनुप नुकताच एम.ए. झाला होता. (पहिल्या वर्गात. हे ठाऊक नसलेला माणूस गोमती नगरात मिळणं अवघड होतं.) देश मागे का पडला, याचं उत्तर त्याला सापडलं होतं: आपल्याकडे नोंदी नीट ठेवत नाहीत. देश हाताशी नव्हता, कॅसेटी होत्या.

पंधरा दिवस तो खपला. गायकांच्या नावांनी रजिस्टर केलं, नवे क्रमांक चिकटवले आणि जुनी लेबलं ओल्या फडक्याने खरवडून काढली, कारण एका घरात दोन पद्धती नांदू शकत नाहीत. ट्रंका माळ्यावर गेल्या.

"दादा, बाबा को अब कुछ मिलेगा भी?" सुरुचीने विचारलं.

"रजिस्टर बघायचं. सोपं आहे."

"हाँ, और उनका चश्मा देखा है?"

हा मुद्दा मात्र वैज्ञानिक होता. अनुपने ठरवलं, सूची बोलून रेकॉर्ड करायची. बाबांनी आधी सूची ऐकायची, मग गाणं. (एक गाणं ऐकण्यासाठी तासभर सूची ऐकावी लागेल, हे त्याला खटकलं नाही. सुधारणेला वेळ लागतोच.)

कोरी कॅसेट आणायला बाजारात जाण्याइतका धीर नव्हता. गायक न कळलेल्या कॅसेटींच्या 'अज्ञात' गठ्ठ्यातली एक त्याने लावून पाहिली. खोकला, खुर्च्या सरकवण्याचे आवाज, मग कुणीतरी दोन मिनिटं "हॅलो, हॅलो, माइक चेक". त्याने बंद केली. नाव नाही, गाव नाही. (गाव होतं, ते त्यानेच खरवडलं होतं.) शिवाय तिच्या कडेची दोन इवली झाकणं मोडलेली, म्हणजे तिच्यावर पुन्हा रेकॉर्डिंग होणार नाही. अनुपने भोकांवर सेलोटेप लावला, फीत पहिल्यापासून गुंडाळली आणि बातम्या देणाऱ्याच्या आवाजात सुरुवात केली: "क्रमांक एक."

त्र्याऐंशीला वीज गेली. वीजखात्यावर त्याचं एक भाषण तयारच होतं. बंद पंख्याखाली बसून त्याने ते आईला पूर्ण ऐकवलं. सूची त्र्याऐंशीवरच राहिली.

रविवारी चारबाग स्टेशनवरून फोन आला. दत्तात्रयांचे जोरहाटचे मित्र श्रीरंगकाका. गोरखपूरची गाडी तीन तासांनी होती, म्हणून ऑटो करून आले आणि ऑटो दारात थांबवूनच ठेवली. घशाच्या ऑपरेशननंतर त्यांचा आवाज पत्रा घासल्यासारखा झाला होता.

"दत्ता, ती जोरहाट चार दे रे. मी गायचो म्हटलं की नातू म्हणतो, आजोबा थापा मारतात. आता दुसरा पुरावा नाही माझ्याकडे."

दत्तात्रय कपाटापाशी गेले आणि नुसतेच उभे राहिले.

"अनुप, जोरहाट चार?"

"बाबा, आता जोरहाट असं काही नाही. गायकाचं नाव सांगा."

"श्रीरंग."

अनुपने रजिस्टरात 'श्र' पाहिला. मग उगाच 'श' पाहिला.

"पुराच्या वेळची," काका घोगऱ्या आवाजात म्हणाले. "सगळे मेसमध्ये अडकलेले. वेळ जाईना म्हणून मला उभं केलं. आधी तर तो माइकच चालेना."

अनुपने रजिस्टर मिटलं.

"पुसली जाऊ नये म्हणून झाकणंसुद्धा मोडून ठेवली होती मी," दत्तात्रय म्हणाले.

"मी सेलोटेप लावला," अनुप म्हणाला. एवढं छोटं वाक्य त्याने एम.ए. झाल्यापासून उच्चारलं नव्हतं.

चंद्रप्रभा चहाचा ट्रे घेऊन आली ती दारातच थबकली. अनुपने काढून दिलेली कॅसेट दत्तात्रयांनी लावली.

"क्रमांक एक," अनुपचा आवाज म्हणाला. "गायन, पुरुष, शास्त्रीय."

दत्तात्रयांचा हात पुढे गेला. "पळवू नकोस," काका म्हणाले. "जुनी फीत आहे, अडकेल."

मग सगळ्यांनी ऐकलं. दहा, वीस, चाळीस. गाडीची वेळ सांगायला ऑटोवाला दारात आला आणि तोही उभा राहिला. सत्तरला सुरुचीने ओढणी तोंडाशी धरली. अनुपला पहिल्यांदाच वाटलं, हा माणूस जरा भरभर का वाचत नाही.

"क्रमांक त्र्याऐं–" खट्.

आणि मधूनच, अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीवर, एक मोकळा, तरुण आवाज खोलीत आला. मागे पाऊस होता. श्रीरंगकाकांनी डोळे मिटले; त्यांचे ओठ हलत होते, आवाज निघत नव्हता.

गाणं संपल्यावर त्यांनी कॅसेट स्वतः काढून खिशात घातली. "मुखडा गेला. पण नातवाला एवढं पुरेल," ते म्हणाले आणि अनुपच्या पाठीवर थोपटलं, जे त्याला शिवीपेक्षा लागलं.

ऑटोवाल्याने त्यांची बॅग उचलली.

"गाने वाले साहब तो, माशाअल्लाह," तो म्हणाला. "मगर पहले जो हज़रत राशन की लिस्ट पढ़ रहे थे, उन्हें किसी ने रोका नहीं?"