युरियाने गार केलेला आमरस

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सकाळी लोटूच्या घरातला फ्रिज बंद पडला, आणि कोपऱ्यावरून बर्फ आणायचा नाही असं लोटूने ठरवलं. एवढंच ठरवलं बिचाऱ्याने. पुढचं सगळं त्यातून आपोआप होत गेलं.

लोटूचं उभं आयुष्य पलसाण्याच्या एका डाइंग मिलच्या कलर किचनमध्ये गेलं होतं. (नाव किचन, पण तिथे शिजतात ते साड्यांचे रंग.) तिथला तो मास्तर. मग रंग कालवणारं मशीन आलं आणि मास्तर गोडादऱ्याला घरी बसला. घरी त्याची बायको मालतीबाई त्याला मेथी निवडायला देत, आणि त्याने निवडलेली मेथी गुपचूप पुन्हा निवडत. हे त्याला दिसायचं आणि फार लागायचं.

आज वर्षा, त्याची मुलगी, लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला आली होती. सोबत जावई प्रशांत. प्रशांत दुसऱ्या एका मिलमध्ये मॅनेजर, आणि त्याच्याकडे कलर किचनमध्ये मास्तरची जागा रिकामी होती. मालतीबाईंनी आधीच दम भरून ठेवला होता.

"आखाजीले जवाईजोडे नोकरी मांगतस का कोनी? आपली काही इज्जत शे का नही?"

मागायचं नाही? ठीक. मग दाखवायचं! आपलं ज्ञान डोळ्यांनी पाहिलं की जावई स्वतःहून विचारेल, असा लोटूचा हिशेब होता. त्याने शेजारच्या गोपालला फोन लावला. गोपाल अजून त्याच जुन्या मिलमध्ये होता आणि रात्रपाळी संपवून निघतच होता.

"गोपाल, दाराच्या डाव्या हातच्या पिंपातून पिशवीभर युरिया लई ये."

कलर किचनमध्ये लेबल कोणी वाचत नाही. डाव्या हाताला युरिया, उजव्या हाताला कॉस्टिक, म्हणजे कातडी जाळणारा सोडा. अंधारातही हात बरोबर पडायचा. गोपालने सांगितल्याप्रमाणे डावीकडचं आणून दिलं आणि तो झोपायला घरी गेला. पांढरे शुभ्र दाणे.

खापरावरचे मांडे तयार झाले. दारापुढच्या ओट्यावर प्लास्टिकचा टब, टबात पाणी, पाण्यात आमरसाचं स्टीलचं पातेलं. लोटूने सगळ्यांना भोवती उभं केलं आणि पिशवी हातात घेतली.

"जावईबापू, काही पदार्थ विरघळताना उष्णता ओकतात, काही खातात. युरिया खातो! पाण्यातली उष्णता तो खाणार, पाणी रसातली खाणार. बर्फावर पैसे कशाला घालवायचे?"

"वा, मामा," प्रशांत म्हणाला. तो खरंच कौतुकाने म्हणाला, आणि कित्येक महिन्यांनी लोटूची छाती फुगली. नजर जावयाच्या चेहऱ्यावर ठेवूनच त्याने अख्खी पिशवी टबात रिकामी केली.

"गार व्हयनं का?" मालतीबाईंनी विचारलं.

"व्हई. जरा दम धर."

पाण्यातून वाफ यायला लागली.

"आबा, हे गार होतंय?" वर्षा म्हणाली.

"आधी थोडं तापतं," लोटू म्हणाला. (असं जगात कुठेही होत नाही, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक?) टब खदखदला, एका बाजूने वाकला, पातेलं कललं.

"मागे सरका! कॉस्टिक आहे!" प्रशांत ओरडला आणि त्याने दोघींना घरात ओढलं.

कोणाला भाजलं नाही, एवढं नशीब. टब वितळून बसला, ओटाभर उकळतं पाणी पसरलं आणि आखाजीचा रस गटारात गेला. मागून गोपाल धापा टाकत आला. "काका, सांगायचं राहिलं, तुम्ही गेल्यावर नव्या साहेबाने पिंपं इकडची तिकडं केली ना!"

 आपण गेल्यावर आपली जागा भरली गेली, हे लोटूने गिळलं होतं. पण त्याची डावी बाजूही कोणी त्याला न विचारता उजवी केली होती. दाणे चिमटीत धरले असते तरी बुळबुळीत लागून कळलं असतं. ते त्याने केलं नव्हतं, आणि याचा दोष नव्या साहेबावर टाकता येत नव्हता.

मांडे दुधाशी खाल्ले गेले. "तुमनं ग्यान तुमनाजोडे ठेवा," एवढंच मालतीबाई म्हणाल्या. नेहमीसारखं ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

निघताना प्रशांतने सासऱ्याला बाजूला घेतलं.

"मामा, राग मानू नका. आमच्याकडे एक जागा आहे."

लोटू एक पाऊल पुढे सरकला. "मास्तरची?"

"कॅन्टीनची. चहा गरम ठेवायचा."

लोटूने घराकडे एकदा पाहिलं. ओटा अजून घासला जात होता.

"कधीपासून येऊ?"

"सोमवारपासून या," प्रशांत म्हणाला आणि जरा घुटमळला. "फक्त मामा, आमच्याकडे चहा गॅसवर तापवतात."