हार नीट आला पाहिजे

साक्षगंध आटोपलं आणि होणाऱ्या सासूबाईंनी, शामलाबाईंनी, भूमिकाला मंगल कार्यालयाच्या अंगणात भर उन्हात उभं केलं. इतवारीच्या सराफाकडून घडवून आणलेला हार तिच्या गळ्यात होता आणि सोनं उन्हातच चमकतं, असं बाईंचं शास्त्र होतं. मे महिन्यात नागपुरात कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. सुनेची गोष्ट वेगळी.

भूमिकाचं मागणं एवढंच होतं, की एक तरी फोटो आपल्यासारखा यावा. स्थळासाठी काढलेल्या फोटोत स्टुडिओवाल्याने तिला इतकी गोरी केली होती, की भिवापूरच्या सख्ख्या मावशीने "हे कोण वं?" म्हणून विचारलं होतं.

फोटोग्राफर दुर्गेशने पहिला फोटो काढला. हार लखलखीत आला, पदराच्या सावलीतला चेहरा मात्र काळाकुट्ट.

"पोरगी काळी दिसून राहिली ना गा!" शामलाबाई म्हणाल्या.

"ऊन लई कडक आहे, काकू. झाडाखाली घेऊ. तिथं दोन्ही बरोबर येईन."

"झाडाखाली सोनं चमकन का? तू उजेड वाढव!"

दुर्गेशने कॅमेऱ्यातला उजेड वाढवला. या वेळी चेहरा अगदी भूमिकाचा आला. "हाच! हाच ठेवा," ती हरखून म्हणाली.

"अन् हार कुठं गेला?" शामलाबाई किंचाळल्या. हाराच्या जागी नुसता पांढराफटक डाग होता.

"उजेड वाढवला का चमकती चीज पांढरी पडते, काकू."

मग नवरदेव ऋषिकेश स्वयंपाकघरातून स्टीलची परात घेऊन आला आणि तिच्यावरून ऊन भूमिकाच्या तोंडावर पाडू लागला. होणाऱ्या बायकोसाठी त्याने केलेलं हे पहिलं काम. चेहरा उजळला, पण तिचे डोळे मिटले, पाणी वाहू लागलं, आणि परातीचं ऊन हारावर पडून तोही पुन्हा पांढरा झाला. भूमिकाचे वडील रुपराव पुढे झाले. ते लेकीला सावलीत नेतील असं वाटलं, पण बापाने तिच्या कपाळावरचा घाम तेवढा पुसला.

"थोडं सहन कर वं, बाई. पाहुण्यायचं मन राख."

शेवटी शामलाबाईंनी निकाल दिला. "पयलाच ठेव गा. हार कसा साजरा दिसते त्याच्यात!"

"पण मी कुठं दिसून राहिली त्याच्यात?" भूमिकाने विचारलं.

"तुले तं आम्ही रोज पाहूच. हार लॉकरमध्ये जाईन."

भूमिकाने हार काढला, शेजारच्या लाल खुर्चीवर मांडला आणि म्हणाली, "घ्या दुर्गेशभाऊ, आता याचाच काढा." मग ती सरळ झाडाखाली जाऊन बसली.

आता सांभाळायला चेहराच नव्हता. दुर्गेशने उजेड कमी केला आणि एका फटक्यात हाराचा मणी न् मणी उमटला.

"पाह्य! आता कसा जमला तुले!" शामलाबाईंनी कॅमेऱ्यातला तो फोटो मोबाइलने टिपला, खाली 'आमची सून' असं लिहिलं आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. 'लाखात एक!', 'नशीब काढलं!' अशी उत्तरांची रीघ लागली. फोटोत सून कुठे आहे, हे एकानेही विचारलं नाही.