सिस्टर लिसीचं अर्धं वाक्य

नियम असा आहे, की मराठी शिकणारा माणूस बोलताना अडखळला, तर त्या अडखळण्याची 'चूक' किंवा 'चूक नाही' अशी नोंद होईपर्यंत त्याचं वाक्य पुढे सरकत नाही, आणि त्या वाक्यात जे व्हायचं असेल तेही होत नाही. एरवी याचा कुणाला त्रास नाही. भाजीवाल्यापुढे एखादा नवशिका गृहस्थ तोंड उघडं टाकून उभा राहतो, नोंदीच्या कचेरीत त्या बोलण्याची टेप ऐकून निकाल येतो, गृहस्थ 'मिरची' म्हणून मोकळा होतो.

पण या खेपेला अडखळली होती सिस्टर लिसी. केरळातून मिरजेच्या एका दवाखान्यात आलेली नर्स. हेमलता नवरंगेसमोर येऊन ती म्हणाली, "ताई, तुमच्या वडिलांना आता..." आणि थांबली. थांबली ती थांबलीच! आत खाटेवर अण्णाही तिथंच थांबले. बरे होईनात, खालावेनात. डॉक्टर येत, नाडी बघत आणि "कचेरीकडून काही कळलं का?" असं विचारून पुढच्या खाटेकडे जात.

आता कचेरीत टेप ऐकायला माणसं दोनच, आणि त्यातली एक हेमलता. घरच्या माणसाने टेपला हात लावू नये, असा नियम करायचं कुणाला सुचलंच नव्हतं. दुसरे शिराळकर. दोघांनी वेगवेगळ्या खोल्यांत बसून ऐकायचं, एकमेकांना विचारायचं नाही, आणि आपापली चिठ्ठी कचेरीचे प्रमुख मुजावरसाहेब यांच्या टेबलावर ठेवायची. जुळल्या तर वाक्य सुटतं.

हेमलताने लिहिलं, 'चूक. शब्द आठवला नाही.' शिराळकरांनी लिहिलं, 'चूक नाही. शब्द आठवत होता, उच्चारवला नाही.'

साहेबांनी दोघांना समोर उभं केलं. "शिराळकर, कशावरून म्हणता?"

"साहेब, घरी सोडायचं असतं तर बाई 'डिस्चार्ज' म्हणाली असती. त्याला मराठी कशाला लागतंय?"

"तिला सगळं मराठीतच बोलायचं असतं," हेमलता ताडकन म्हणाली. "हट्टी आहे ती. तुम्ही कधी भेटलाय का तिला?"

"टेपवर श्वास ऐकू येतो, बाई. शब्द शोधणाऱ्याचा श्वास असा नसतो."

"तुम्ही गप्प बसा हो!"

"पुन्हा ऐका," साहेब म्हणाले. "जेवणानंतर नव्या चिठ्ठ्या द्या. दवाखान्याचे फोनवर फोन येतायत. खाट अडकलीय त्यांची."

हेमलताने टेपला हातच लावला नाही. डबा तसाच ठेवून तिने रिक्षा केली आणि दवाखाना गाठला. सिस्टर लिसी वॉर्डच्या दाराशी तशीच उभी होती. कुणीतरी तिच्यासाठी स्टूल आणून ठेवलं होतं.

"सिस्टर, काही सांगू नका. नुसतं बघा माझ्याकडे."

लिसीने बघितलं. शब्द शोधणारा माणूस वर कुठेतरी बघतो, हे कळायला टेप लागत नाही. लिसी वर बघत नव्हती. तिचे डोळे भरले होते.

आत हेमलताने अण्णांच्या तोंडात चमचाभर पाणी घातलं. पाणी खाली उतरेना, वरही येईना. "दमलात ना हो अण्णा?" तिने विचारलं. आपणच यांना धरून ठेवलंय, हे तिला लख्ख कळलं. परतीच्या रिक्षात ती ढसाढसा रडली. कचेरीत येऊन तिने चिठ्ठी लिहिली आणि साहेबांच्या टेबलावर ठेवली.

साहेबांनी आधी तिची उघडली. 'चूक नाही.' मग दुसरी उघडली आणि चष्मा पुसून परत वाचली.

"शिराळकर, हे काय? 'चूक. शब्द आठवला नाही'?"

"पुन्हा ऐकलं, साहेब." शिराळकर टेबलाकडे बघत होते. "नाहीच आठवला तिला. माझंच चुकलं होतं."

"म्हणजे जुळत नाही," साहेब म्हणाले. "सोमवारी पुन्हा बसा."

हेमलताच्या जिवात जीव आला, आणि त्याची तिला इतकी लाज वाटली की मान वर होईना.

"सोमवारी सुट्टी आहे ना, साहेब?" तिने विचारलं.

"अरे हो. मग मंगळवारी."